कळवल्याचा खेद

मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सात.
जहाजांना दोर आणि रंग पुरवणाऱ्या दुकानाच्या वर
माझा वर्ग. जिन्याला डिझेलचा वास.
खिडकीतून बातुमी बंदराच्या क्रेन दिसतात,
उत्तर न आलेल्या मुलांसारख्या मान वाकवून.

नऊ विद्यार्थी. खलाशांची परीक्षा एप्रिलमध्ये.
तमाझी वेल्डर, वहीऐवजी सिगारेटच्या पाकिटावर लिहितो.
नेस्तानला जहाजावर स्वयंपाकी व्हायचंय,
तिचा नवरा म्हणतो, बघू.
मागच्या बाकावर झुराब, अबोल.

आज फळ्यावर डावीकडे 'टू',
उजवीकडे 'आयएनजी'.
तमाझी, 'स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे
चालता चालता तू थांबलास, सिगारेट ओढायला.
'स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे तुझी बायको जिंकली.
वर्ग हसतो. तमाझी पाकीट उलटं ठेवतो.

का, असं विचारू नका.
'वाँट'ला टू लागतो, 'एन्जॉय'ला तो चालत नाही;
सासरच्या माणसांसारखं आहे, कुणाला काय पचतं ते पाठ करायचं.
पण काही क्रियापदं दोन्ही पंगतींत बसतात,
सांभाळायचं ते तिथे.

आमच्या जॉर्जियनमध्ये हा पेच नाही.
क्रियेचं एकच नाव,
पुढे बघायलाही तेच, मागे बघायलाही तेच.
इंग्रजीला दोन दारं:
'रिमेंबर टू लॉक', कुलूप लावायचंय, लक्षात ठेव.
'रिमेंबर लॉकिंग', लावलं होतं,
किल्लीचा गारवा बोटांना अजून आठवतोय.

मग मी 'रिग्रेट' लिहिलं.
'वी रिग्रेट टू इन्फॉर्म', कळविण्यास खेद होतो.
'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग', कळवल्याचा खेद होतो.
म्हणजे, कळवायला नको होतं, चुकलं आमचं.
हे दुसरं सहसा कुणी लिहीत नाही, मी म्हणाले.

झुराबनं हात वर केला.
आमच्या घरी एक पत्र आहे,
पिरेयसच्या कंपनीचं, सत्त्याण्णव सालचं.
त्यात दुसरं आहे.

थोरला भाऊ. ओतिया. मोटरमन.
मी अकरा वर्षांचा, घरात इंग्रजी येणारा मीच.
शब्दकोश मांडीवर घेऊन आईला वाचून दाखवलं:
त्यांनी आधी काहीतरी कळवलं होतं,
आता त्यांना पस्तावा होतोय.
आधीचं पत्र आम्हाला आलंच नव्हतं.
आई म्हणाली, म्हणजे ती बातमी खोटी होती.
तेव्हापासून दर हिवाळ्यात एक जोडी मोजे विणते.
त्रेचाळीस नंबर. सव्वीस जोड्या झाल्या.

खाली दुकानदार शटर ओढत होता.

त्या कारकुनाला मी ओळखते.
नाव नाही, चेहरा नाही, तरी ओळखते.
जेवणाच्या सुट्टीआधीची घाई,
आयएनजी लावलं की जरा नम्र वाटतं
असं त्याला कुणीतरी शिकवलेलं.
असे पेपर मी रोज तपासते. अर्धा गुण कापते.

टीचर, ती चूक आहे का?
परीक्षेत चूक, मी म्हणाले.
आणि पत्रात?

मी डस्टर उचललं.
आता सांगता येत नाही,
पुसायला थांबले
की पुसायची थांबले.
एवढं खरं, की गुरुवारी खोली उघडली
तेव्हा दोन्ही वाक्यं फळ्यावर होती,
खडूची पूड खाली चौकटीत साठलेली.

झुराब उशिरा आला.
भिजलेले बूट त्यानं हीटरजवळ काढून ठेवले.
पायात करड्या लोकरीचे नवेकोरे मोजे,
टाचेशी ढिले, त्याच्या मापाचे नव्हेत.

मी काही विचारलं नाही.
त्या दिवशी आम्ही
'अ' आणि 'द' घेतले.